येलदरीच्या पाण्यावरचा ओव्हन

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. ओव्हन म्हणजे पाव आणि बिस्किटं भाजायची लोखंडी पेटी. बेकरीतली विटांची भट्टी तुम्ही पाहिली असेल. तिचा मी धाकटा भाऊ. माझ्या पोटात खाली कोळशाचा खण आहे, वर भाजायची जागा आहे आणि पाठीला धूर जायला भोक आहे. माझ्या भिंती दुहेरी पत्र्याच्या असून दोन पत्र्यांच्या मधे चाळलेली राख भरलेली आहे. त्यामुळे आतली आच आतच राहते आणि बाहेरच्याला चटका कमी बसतो.

आता तुम्ही म्हणाल, असा ओव्हन कुठल्याही मोठ्या स्वयंपाकघरात असतो, त्यात सांगण्यासारखं काय? पण माझी चांगली वर्षं स्वयंपाकघरात गेली नाहीत. ती पाण्यावर गेली. परभणी जिल्ह्यात समुद्र नाही, बंदर नाही, तरी मी एका बोटीच्या पोटात बसून पूर्णा नदीच्या पाण्यावर फिरलो. ते कसं घडलं, तेच सांगतो.

माझा जन्म हैदराबादच्या एका लहान कारखान्यात झाला. तेव्हा येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम चाललं होतं. मोठमोठे इंजिनिअर दूरदूरहून आले होते. त्यांना सकाळी पाव लागत असे आणि जिंतूरहून पाव येईपर्यंत तो वाळून जात असे. म्हणून मला मागवलं. आगगाडीनं परभणी, तिथून मालमोटारीनं जिंतूर आणि मग येलदरीचा बंगला. वाटेत मला सगळंच नवीन होतं. एवढं मोकळं आभाळ मी पहिल्यांदा पाहिलं.

बंगल्यात मौलासाब नावाचे खानसामा होते. तेही हैदराबादकडचेच. त्यांच्या हाताखाली भांडी घासायला पंचफुला नावाची तरुण बाई येत असे. भांडी घासून झाली की ती माझ्याजवळ येऊन उभी राही. पीठ फुगतं कसं, रंग चढतो कसा, हे तिला बघायचं असायचं. मौलासाबांच्या ते लक्षात आलं. एकदा त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि माझं दार उघडून म्हणाले, "आंच आंख से नई दिखती बेटी. हात से पूछना पडता." तिनं दारापाशी तळवा धरला. त्या दिवसापासून ती शिकत गेली. पाव, खारी, नानकटाई, टोस, सगळं तिला येऊ लागलं.

पुढे धरण पुरं झालं. इंजिनिअर गेले, मौलासाबही आपल्या गावी परतले. बंगल्याचं स्वयंपाकघर बंद पडलं आणि मला फावडी, टिकाव, मोडक्या खुर्च्या यांच्या संगतीला एका कोठीत टाकून दिलं. कोठीला खिडकी नव्हती. बाहेर पाणी साठत चाललंय, एवढं माणसांच्या बोलण्यावरून कळायचं. गावंच्या गावं हलवली, टेकड्यांची बेटं झाली, असं लोक सांगत. पाण्यानं टेकडीचं बेट कसं होतं, याचा मी अंधारात बसून खूप विचार केला. समजलं नाही.

अशी किती वर्षं गेली ते मला नीट आठवत नाही. बहात्तरचा मोठा दुष्काळ येऊन गेला होता, एवढं आठवतं. एके सकाळी कोठीचं दार उघडलं आणि आत पंचफुला आली. तिच्या मागे तिचा नवरा दिनकरराव होता.

"ही बघा पेटी," ती म्हणाली. "गंज चढलाय, पन आतून धड हाय."

दिनकररावानं माझ्याभोवती एक चक्कर मारली. वितीनं मला मापलं आणि मान हलवली. "ही लाँचमंदी जानार न्हाई," तो म्हणाला.

लाँच हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, ही लाँच म्हणजे एक जुनी मोटारबोट होती. फार पूर्वी ती मुंबईच्या कुणा शेटनं हौसेसाठी बांधून घेतली होती. समुद्रावर चार मित्रांना घेऊन हिंडायचं, आत निजायला फळ्या, चहापाण्याला एक चिंचोळी खोली, असा तिचा थाट. खलाशी लोक बोटीतल्या स्वयंपाकाच्या खोलीला गॅली म्हणतात. शेटची हौस फिटल्यावर ती लाँच धरणाच्या पाहणीसाठी येलदरीला आली आणि दिनकरराव तिचा चालक झाला. धरणाचं काम सरल्यावर ती मच्छीमारांच्या सोसायटीकडे गेली. चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सोसायटीनं दिनकररावालाच ठेवून घेतलं. अलीकडच्या काठावरून पलीकडच्या गावांना माणसं आणि सामान पोचवायचं, येताना मासळी आणायची, असं काम होतं.

पण लाँच म्हातारी झाली होती आणि डिझेल फार पीत होती. सोसायटीचे प्रमुख मुंजाजीमामा साफच बोलले होते, की हिचा असा काही उपयोग दिसेना, तर इंजिन काढून विकू आणि लाकडं सरपणाला देऊ. ते वाईट माणूस नव्हते. चार कोळ्यांच्या घरांचा विचार त्यांना करावा लागत होता. लाँच गेली असती, तर दिनकरराव आणि पंचफुला यांनी कुठं जावं, हा प्रश्न मात्र होता.

तेव्हा पंचफुलाला मी आठवलो.

"मामा," ती मुंजाजींना म्हणाली, "पलीकडं कुनाला ताप आला, की डाक्टर म्हनतो, पाव आन् दूध द्या. पावासाठी मानूस जिंतूरला जायलाय. तुमची पोरं आठ-आठ दिवस त्या काठाला पाल टाकून ऱ्हातात, शिळी भाकर खातात. लाँच तर रोज जातीच. जाता जाता पाव भाजला तर?"

"चालत्या बोटीत?" मुंजाजींनी विचारलं.

"काठाला बी दोन-दोन घंटे उभीच असती की. ज्याचं त्याचं पीठ, ज्याचं त्याचं तूप आनू द्या. मी भाजून देईन."

मुंजाजीमामांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "एवढा हिवाळा बघू."

असा मी कोठीतून बाहेर आलो. चार माणसांनी मला काठावर आणून ठेवलं आणि मी ते पाणी पाहिलं. खरंच टेकड्यांची बेटं झाली होती. एका बेटावर बाभळीचं झाड होतं आणि त्यावर पांढरे पक्षी बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि इकडे माझ्यावरून भांडण लागलं.

भांडण होतं दिनकररावाचं आणि चंद्रभान सुताराचं. लाँचच्या पोटात उतरायला एक छोटं दार आणि उभा जिना होता. त्या दारातून मी जात नव्हतो. चंद्रभाननं दोरीनं माप घेतलं आणि सांगितलं, "चौकट कापावी लागंल. मागून परत बसवून देतो."

"चौकट कापू देनार न्हाई," दिनकरराव म्हणाला. "तिच्यावरच वरची सगळी फळी टेकलीय. एकदा कापली, की ती खुळखुळी होईल."

"मग वरून छप्पर काढू?"

"छप्पर बी न्हाई."

"मग तुझी लाँच तशीच ठेव डोक्यावर," चंद्रभान म्हणाला आणि करवत पिशवीत घालू लागला.

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. परत कोठीत जावं लागणार, असं वाटलं. पंचफुला पायरीवर बसून दोघांचं ऐकत होती. ती म्हणाली, "बोट कापू नका. पेटीच खोला."

मग नागनाथ लोहाराला बोलावणं गेलं.

मित्रांनो, मला सुटं करायला सुरुवात झाली तेव्हा मला भीती वाटली. नागनाथ छिन्नी धरायचा आणि पत्रे जोडणारं एकेक रिबिट तोडायचा. आधी दार गेलं. मग माथा गेला. मग बाहेरचा पत्रा निघाला आणि आतली राख भसकन खाली आली. पंचफुलानं ती पोत्यात भरून घेतली. हळूहळू भीतीची जागा दुसऱ्याच भावनेनं घेतली. माझी आतली बाजू मी जन्मात कधी पाहिली नव्हती. आतल्या पत्र्यावर कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातोड्याचे गोल गोल ठसे होते, माशाच्या खवल्यांसारखे ओळीनं उमटलेले. मला घडवताना कुणी इतकं मन लावून ठोकलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

तुकडे तुकडे होऊन मी जिना उतरलो आणि गॅलीत पुन्हा एक झालो.

गॅली एवढीशी होती, की दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. तिथं मला बसवणं सोपं नव्हतं. दिनकररावाला एकच धास्ती होती. "लाकडाच्या पोटात इस्तू ठेवायलो आपन," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. इस्तू म्हणजे विस्तव. म्हणून आधी लोखंडी परातीसारखा तळ केला, त्यात पूर्णेची वाळू पसरली, वाळूवर विटा मांडल्या आणि विटांवर मला बसवलं. लाकडी भिंत आणि मी यांच्यामधे तळहाताएवढी मोकळी जागा सोडून पत्रा उभा केला. चंद्रभाननं लाँचच्या जाड लाकडी बरगड्यांना लोखंडी पट्ट्या मारून मला चारी बाजूंनी आवळलं. माथ्याभोवती सळईचा कठडा केला, म्हणजे लाँच हलली तरी वरचं भांडं खाली पडू नये. धुराडं छतातून वर काढलं आणि छताला आच लागू नये म्हणून भोकाभोवती पत्र्याचं रुंद कडं बसवलं. इतकं नीट मला बंगल्यातही कुणी बसवलं नव्हतं.

मग पहिला विस्तव पेटला. आणि सगळा धूर खाली आला.

वाऱ्याच्या दिशेनं धुराड्याचं तोंड होतं. वारा आत शिरला आणि धूर गॅलीत भरला. माणसं खोकत, डोळे पुसत बाहेर पळाली. दिनकरराव पाण्याची बादली घेऊन जिन्यात उभा होता. "बास झालं. इझवा," तो म्हणाला. पण नागनाथनं वर जाऊन धुराड्याच्या टोकाला एक वाकडी नळी लावली, हातानं फिरवता येईल अशी. वारा जिकडून येईल तिकडं तिची पाठ करायची. धूर सरळ वर निघून गेला. दिनकररावानं बादली खाली ठेवली, पण भरलेलीच ठेवली. पुढे लाँच चालली तोवर ती भरलेली बादली माझ्यासमोर रोज असायची.

पहिले पाव निघाले ते सगळे एका बाजूला कललेले. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. पंचफुला ते हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. तिची काही चूक नव्हती. माझ्या वजनानं लाँचच एका कुशीवर कलली होती आणि पीठही तसंच फुगलं होतं. दिनकररावानं मग बॅटरी आणि डिझेलचं पिंप पलीकडच्या बाजूला सरकवलं, तेव्हा लाँच सरळ झाली. मुंजाजीमामांनी तो वाकडा पाव चहात बुडवून खाल्ला. "चव सरळ हाय," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. पहाटे पंचफुला पीठ मळून ठेवी. लाँच सुटली, की इंजिनाच्या धडधडीनं माझं दार बारीक आवाज करत राही. पाणी मला दिसत नसे. पण गॅलीला एक वाटोळी खिडकी होती आणि तिच्यातून पाण्याचा उजेड येऊन छतावर हलत राही. तो उजेड कसा हलतो, यावरून पाणी शांत आहे की खवळलंय, हे मला ओळखता येऊ लागलं. पलीकडच्या काठाला लागलो, की बाया डब्यात पीठ, तूप, साखर घेऊन उभ्या असायच्या. कुणाच्या घरी तापाचं माणूस असे, कुणाकडे पाहुणे येणार असत. पालातले कोळी माशांच्या बदल्यात पाव नेत.

पण सगळ्याच बाया येत नसत, मित्रांनो. हेही मला सांगितलं पाहिजे.

दिनकरराव आणि पंचफुला बौद्ध होते. त्यांच्या आईबापांनी छप्पन साली धम्म घेतला होता. लाँचच्या केबिनमध्ये बाबासाहेबांची तसबीर होती आणि पंचफुला रोज ती पुसायची. काठावरच्या काही घरांना त्यांची लाँच चालत होती, पण त्यांच्या हातचं खाणं चालत नव्हतं. टेंभुरवाडी गावच्या पार्वतीबाईंचं घर त्यांपैकी एक. मोठ्या जमिनीचं घर. सगळे त्यांना पार्वतीमाय म्हणत. त्या लाँचमधून जात, तेव्हा मागच्या बाजूला आपलं पोतं अंथरून बसत आणि आपल्या तांब्यातलं पाणी पीत. एकदा त्यांच्या नातवाला ताप आला. लाँच काठाला उभी होती, गरम पाव तयार होते. त्यांनी गड्याला पाठवून जिंतूरहून पाव आणवला. तो येईपर्यंत संध्याकाळ झाली.

पंचफुलानं ते पाहिलं. त्या दिवशी तिनं माझं दार जरा जोरात लावलं.

मला हे कळत नसे. मी लोखंडाचा. माझ्यात कुणाचंही पीठ घातलं तरी मला ते सारखंच फुगताना दिसे. हात बदलला म्हणून पाव कसा बदलतो, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्यांच्याजवळ उत्तर होतं, त्यांनी कधी ते मोठ्यानं सांगितलं नाही.

मग तो पौषातला दिवस आला.

त्या सकाळी टेंभुरवाडीहून लाँच निघाली. माणसं थोडीच होती, दोन म्हातारे शेतकरी आणि पार्वतीमाय. त्यांची मुलगी कुसुमबाई चारठाण्याला दिलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. माय बाळंतपणाला निघाल्या होत्या. गाठोड्यात सुंठ, गूळ, डिंक, खारका आणि बाळंतिणीसाठी शिवलेली नवी वाकळ होती. वाकळ म्हणजे गोधडी. माझ्यात पाव भाजायला घातलेले होते.

अर्ध्या वाटेवर धुई उतरली. धुई म्हणजे दाट धुकं. माझ्या खिडकीतला उजेड हलायचा थांबला आणि नुसता पांढरा झाला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. दिनकररावानं इंजिन हळू केलं. तेवढ्यात खालून घरघर आवाज आला, लाँचला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

"जाळं गुंतलं," दिनकररावाचा आवाज आला. कुणाचं तरी वाहून आलेलं मासेमारीचं जाळं पंख्याला गुंडाळलं गेलं होतं. बोटीचा पंखा पाण्याखाली फिरतो, त्याच्या जोरावर ती पुढे जाते. पंखा अडकला, की बोट म्हणजे नुसता ओंडका.

"धुई जाईस्तोर थांबू," एक म्हातारा म्हणाला.

"थांबता येत न्हाई, बाबा. वारा आपल्याला जुन्या गावाकडं न्यायलाय."

जुनं गाव म्हणजे धरणात बुडालेलं गाव. त्याच्या दगडी भिंती पाण्याखाली वीतभर होत्या. जुन्या लाकडाची लाँच त्यांच्यावर आदळली असती, तर तिचा तळ फुटला असता. आणि त्या थंडीत काठ कुठं आहे, हेही कुणाला दिसत नव्हतं.

दिनकररावानं सदरा काढला, विळा कमरेला खोवला आणि तो पाण्यात उतरला. त्याचा आवाज बंद झाला. मग तळाला, माझ्या अगदी खाली, विळा घासल्याचा आवाज येऊ लागला. तो वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली जायचा. पंचफुला लाँचच्या कडेवरून वाकून त्याच्याशी बोलत होती. हळूहळू तिलाच बोलावं लागत होतं, तो उत्तर देत नव्हता.

शेवटी जाळं सुटलं. दोघा म्हाताऱ्यांनी आणि पंचफुलानं मिळून त्याला वर ओढलं, तेव्हा तो निळा पडला होता. आधी त्याचे दात वाजत होते, मग तेही थांबले. त्याला जिन्यातून खाली आणून माझ्यासमोर निजवलं.

आणि पंचफुलाला तिथं बसता येत नव्हतं. वारा लाँचला ढकलतच होता. इंजिन चालू करायला आणि सुकाणू धरायला, नवऱ्याचं बघून ते शिकलेल्या तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती जिन्यात उभी राहिली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पार्वतीमायकडे पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "मला वर जावं लागतंय. यास्नी तुमच्या हवाली करते."

पार्वतीमाय वरच्या पायरीशी उभ्या होत्या. त्या गॅलीत कधीच उतरल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि त्या खाली आल्या.

"जा तू," त्या म्हणाल्या. "म्या पाच बाळंतपनं केलेत. मला ऊब देता येती."

वर इंजिन धडधडलं. पार्वतीमायनं आधी दिनकररावाचे ओले कपडे काढून टाकले. मग गाठोडं सोडलं, नवी वाकळ उलगडली आणि माझ्या माथ्यावर शेकायला टाकली. ती गरम झाल्यावर त्याला पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं. सुंठेची पूड करून त्याच्या तळपायांना चोळायला लागल्या. त्या चोळत होत्या आणि सारख्या बोलत होत्या, "ऊठ बाबा, डोळे उघड. तुझी बायकू वर एकटी हाय." मधेच त्यांनी आपल्या तांब्यात गूळ, सुंठ आणि पाणी घातलं आणि तांब्या माझ्या माथ्यावर ठेवला. त्या कठड्यात तो नीट बसला. लाँच डुलत होती, पण तो जागचा हलला नाही. माझ्या खणात कोळसे थोडेच उरले होते. ते सगळे मी लावले, मित्रांनो. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

वरून पंचफुलाचा आवाज आला, "माय, पाव काढा. करपतील."

पार्वतीमायनं माझं दार उघडलं. पदरानं धरून पाव बाहेर काढले. काढा उकळला होता. त्यांनी दिनकररावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. पहिला घोट गालावरून ओघळला. दुसरा आत गेला. थोड्या वेळानं त्याचे दात पुन्हा वाजायला लागले आणि माय म्हणाल्या, "हां. आता बरं."

मग त्यांनी एक पाव तोडला. काढ्यात बुडवून त्याला थोडा थोडा भरवला. निम्मा पाव त्यांच्या हातात उरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं. मी बघत होतो. त्यांनी तो उरलेला पाव खाल्ला, आणि मग दुसरा घेतला.

लाँच काठाला लागली तेव्हा धुई विरळ झाली होती. दिनकरराव भिंतीला टेकून बसला होता. पंचफुला जिना उतरली आणि त्याच्याजवळ खाली बसली. पार्वतीमायनं गाठोडं बांधलं. वाकळ त्याच्या अंगावरच राहू दिली. "कुसुमला मी दुसरी शिवीन," असं म्हणून त्या चारठाण्याला गेल्या.

कुसुमबाईला मुलगी झाली. बारशाच्या आधी पार्वतीमाय टेंभुरवाडीच्या काठावर आल्या, त्या पिठाचा डबा आणि तुपाचा गडू घेऊनच. बारशाला नानकटाई हवी होती. त्या लाँचवर चढल्या आणि परातीपाशी पंचफुलाच्या शेजारी बसून तूप फेसायला लागल्या. काठावर माणसं जमली होती. त्यांचा मुलगा सूर्यभान धावत आला.

"माय, उतर खाली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघायलेत. बारशाचं खानं हाय. कुनाच्या हातचं करायलीस?"

पार्वतीमायनं तूप फेसणं थांबवलं नाही.

"सूर्यभान," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दिनकर माझ्या तांब्यातून काढा पेला. त्या तांब्याला काही झालं न्हाई. आज सकाळी तू त्याच तांब्यातून पानी पेलास. तुला बी काही झालं न्हाई."

काठावर कुणीतरी हसलं. सूर्यभान वळून गावाकडे निघून गेला. नानकटाई मात्र बारशाला गेली, आणि ती सगळी संपली, असं नंतर कुसुमबाईच्या सासरचा माणूस सांगत होता.

सगळा काठ त्या दिवशी बदलला, असं मी म्हणणार नाही. काही घरांतून शेवटपर्यंत कुणी आलं नाही. पण पार्वतीमाय येत राहिल्या, आणि त्यांच्यामागे आणखी दोन-चार डबे येऊ लागले. त्या दोघी गॅलीत बसून पिठाबद्दल बोलत, पोरीबाळींबद्दल बोलत. त्या दिवसाबद्दल मी त्यांना बोलताना ऐकलं नाही.

पुढे पलीकडच्या गावांना सडक झाली. एस.टी. सुरू झाली. लाँचला माणसं कमी मिळू लागली आणि एका उन्हाळ्यात मुंजाजीमामांना तिचं इंजिन काढावंच लागलं. ते काढताना ते स्वतः हजर राहिले नाहीत. पंचफुला आणि दिनकररावानं देवगाव फाट्याला, जिथं गाड्या थांबतात तिथं, विटांची मोठी भट्टी घातली. तिच्या भट्टीचे टोस आता गाडीतून दूरदूर जातात, असं मी ऐकतो. मला न्यायला पंचफुला आली होती. पण चंद्रभाननं मला इतकं पक्कं आवळलं होतं, की मला काढायचं तर लाँचच्या बरगड्या मोडाव्या लागल्या असत्या. तिनं मोडू दिल्या नाहीत. माझ्या बिजागऱ्यांना तेल घालून ती गेली.

लाँच आता येलदरीच्या काठावर मातीत टेकून उभी आहे. मी तिच्या पोटात आहे. तेल केव्हाच वाळलं. वाटोळ्या खिडकीची काच पोरांनी दगड मारून फोडली आणि तिथून पावसाचं पाणी आत येतं. पत्र्याला गंज लागला, की तो आवाज करत नाही. एक दिवस हात लावावा आणि भोक पडावं, असं ते असतं. माझा राग नाही. एक ओलं फडकं, मग एक कोरडं फडकं आणि तेलाचे चार थेंब, एवढ्यावर माझ्यासारखा ओव्हन दोन पिढ्या टिकतो. एवढंच कुणी केलं नाही.

अलीकडे कोळ्यांच्या वस्तीतली एक कोंबडी माझ्या कोळशाच्या खणात अंडी घालते. ती तासन् तास हलत नाही. कोळसा नाही, धूर नाही, तरी तिच्या अंगाखाली अंडी उबदार राहतात. ती आच कशी राखते, ते मी रोज बघतो. मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली, तर ती आता काय कामाची, असं विचारण्याआधी तिनं काय काय काम केलं, ते कुणाला तरी विचारून बघा. सांगणारं माणूस जवळपास असतंच. आणि कधी येलदरीला आलात, माझ्याकडे वाकून पाहिलंत, तर दगड मारू नका. खण ओढायचा असेल, तर हळू ओढा. आत कोंबडी बसलेली असते.